बूट काढायला बसावं लागतं

बाईच्या पायात बूट पाहून लोकांना नेमकं काय खुपायचं, हे मला आजही सांगता येणार नाही. खुपायचं एवढं खरं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि मी ग्रामसेविका म्हणून नोकरीला लागले होते. सुधारणा हा शब्द तेव्हा सरकारी जीपमधून गावोगाव हिंडत होता. मला जीप नव्हती. बेंबळीच्या बाजूची काही गावं माझ्याकडे दिलेली होती आणि ती पायांनीच गाठायची होती.

आमच्याकडची काळी माती ज्यांनी तुडवली आहे त्यांना सांगायला नको. पावसाळ्यात चप्पल चिखलात राहते आणि पाय पुढं जातो. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि बाभळीचे काटे वाटेवर पसरलेले असतात. पहिल्याच वर्षी एक काटा चपलेतून आरपार टाचेत घुसला. टाच पिकली, चिरावी लागली, आणि मी अंथरुणाला खिळले. ब्लॉकचे साहेब समाचाराला आले आणि खुर्चीवर बसून हळहळत म्हणाले, "बायकांना हे फिरतीचं काम झेपत नाही हो." मला इतका राग आला की दुखणं विसरले. माझी टाच नाजूक नव्हती, चप्पल पातळ होती. साहेबांच्या स्वतःच्या पायात जाड तळाचे बूट होते, ते मी पडल्यापडल्या नीट पाहून घेतले.

चालता यायला लागल्यावर मी आधी धाराशिवचा बाजार गाठला. कागदोपत्री उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिवच. तिथं एक म्हातारा मोची बसायचा. निजामाच्या पोलिसांचे बूट त्यानं उमेदीत शिवले होते. राज्य गेलं, पोलीस बदलले, आणि याच्याकडे नुसते कलबूत उरले, म्हणजे ज्यावर कातडं ताणून बूट शिवतात ते लाकडी पाय. एका पोत्यात भरून त्यानं ते दुकानाच्या कोपऱ्यात ठेवले होते.

मी बूट पाहिजेत म्हटल्यावर त्यानं विचारलं, "साहब के?"

"माझे."

"औरतां बूट नै पिनते, बाई."

"काटा काय बाईमाणूस बघून सोडतो का, चाचा?"

तो हसला, पण अडचण माप घ्यायची होती. परक्या बाईच्या पायाला हात लावायची त्याची तयारी नव्हती. मग त्यानं जमिनीवर एक पुठ्ठा टाकला, माझ्या हातात कोळसा दिला आणि तोंड रस्त्याकडे करून बसला. पुजाऱ्याघरची मी, भर बाजारात निऱ्या सावरत, वाकून स्वतःच्या पावलाभोवती कोळसा फिरवत होते आणि समोरचा पानवाला पान लावायचं थांबून बघत होता. बघू दे म्हटलं. कोळसा मी तिरका धरला असणार, कारण बूट पंज्याशी चांगले ऐसपैस झाले. लांब चालून पाय सुजले की ते माझ्या पथ्यावरच पडायचं.

बूट मात्र देखणे होते. बाभळीच्या सालीत कमावलेलं लालसर कातडं, म्हशीच्या कातड्याचा जाड तळ, टाचेला लोखंडी नाल, आणि घोट्याच्या वरपर्यंत भोकाभोकांतून ओवलेल्या लांबच लांब नाड्या. पहिले काही दिवस त्यांनी मला अक्षरशः फोडून काढलं. टाचेवर फोड, घोट्यावर फोड. चाचा म्हणाला होता, ओले करून घाला आणि पायातच वाळू द्या. तसे मी ते भिजवून घातले आणि शिवारातून पचक पचक आवाज करत हिंडले. हळूहळू कातडं नमलं. मी नमले नाही.

निगा कमी नव्हती. संध्याकाळी काडीनं चिखल खरवडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं, आत जुनं वर्तमानपत्र कोंबायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवले तर कातडं तडकतं. वाळले की एरंडेल चोळायचं, शिवणीत बोटानं जास्त. तेलाच्या वासानं उंदीर येत, म्हणून ते खुंटीला टांगायचे. घरी तुळजापूरला गेले की आई ते बूट अंगणातसुद्धा ठेवू द्यायची नाही. "देवाचं घर आहे आपलं," म्हणायची. देवीपुढं वाजतं ते संबळ कशानं मढवतात, असं मी एकदा विचारलं. त्यावर ती तरातरा आत निघून गेली. बूट अंगणात राहिले.

या बुटांची गाठ पडली ती एका गावच्या चावडीशी. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या मुली अजून माझ्याकडे येतात. त्या गावात मारुतीच्या देवळामागच्या खोलीत मी बायकांचा शिवणाचा आणि अक्षरओळखीचा वर्ग चालवायची. वाट चावडीवरूनच होती. चावडीच्या ओट्यावर पाटील आणि गावातली चार जाणती माणसं चिलीम ओढत बसलेली असत. तिथून जाताना बायकांनी पायातलं काढून हातात घ्यायचं, पदर पुढं ओढायचा, आणि पलीकडं गेल्यावर पुन्हा घालायचं, अशी रीत होती. पावसापाण्याचं, रणरणत्या उन्हाचं, गरोदर बाईसुद्धा. पुरुष तिथून खुशाल पायताणं वाजवत जात.

मी चपला घालायची तेव्हा त्यांनी काणाडोळा केला होता. बुटांचा नाल चावडीपुढच्या फरशीवर वाजला आणि पाटलांनी मला थांबवलं.

"बाई, हितनं जाताना पायातलं काडावं लागतंय. आमच्या लेकीसुना समद्याच काडत्यात."

"आणि नाही काढलं तर?"

"तर वर्गाला बाया येनार न्हाईत. आमी कुनाला अडवनार न्हाय. पर त्या येनार न्हाईत."

आवाज अगदी गोड होता. मला कळलं, हा माणूस बोलतो तसं करेल. वर्ग मोडला की साहेबांना आयतंच सापडलं असतं. बाईला झेपलं नाही, करा बदली. आणि त्या खोलीत जेमतेम स्वतःचं नाव गिरवायला लागलेल्या बायका पुन्हा चुलीपुढं गेल्या असत्या. माझं मानपान चुलीत गेलं, मला तो वर्ग घालवायचा नव्हता.

म्हणून मी म्हणाले, "काढते की."

आणि बसले. कुठं बसणार? घोट्याच्या वरपर्यंत बांधलेला बूट उभ्यानं निघत नाही. समोर चावडीची पायरी होती, तिच्यावर बसले. एक पाय गुडघ्यावर घेतला आणि नाडी सोडायला सुरुवात केली. चिखलानं गाठ आवळली होती. मी घाई केली नाही.

आता पंचाईत बघा. बाईनं चावडीपुढून अनवाणी जावं ही रीत, तशी बाईनं चावडीवर बसू नये हीसुद्धा रीतच. एक पाळायची तर दुसरी मोडते, याचा विचार कुणी केला नव्हता. बाई पायरीशी बसलेली असताना त्यांना चिलीम ओढता येईना, थुंकता येईना, तोंडावर आलेली शिवी सोडता येईना. एकानं खाकरून बघितलं. एकजण तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिला. दोन्ही बूट काढून मी ते हातात घेतले, पलीकडं गेले, आणि चावडीच्याच पलीकडच्या पायरीवर बसून पुन्हा घालायला लागले. घालायला काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

येताना पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मी रीत पाळत होते, मला कोण काय म्हणणार? पावसाळा होता, नाड्या रोज चिखलानं माखायच्या. हळूहळू माझ्या यायच्या वेळेला ओटा रिकामा दिसू लागला. पण वेळ बदलायला मला काय धाड भरली होती? मी कधी लवकर, कधी उशिरा येऊ लागले.

शेवटी पाटीलच म्हणाले, "बाई, तुमी घालूनच जात जावा. तुमी सरकारी मानूस. तुमाला माफ हाय."

"आणि बाकीच्या बायकांना?"

"ते न्हाय व्हायाचं. गावाची रीत हाय."

खरं सांगते, आधीच्या धमकीपेक्षा या माफीनं माझं डोकं जास्त फिरलं. मला एकटीला बाजूला काढून त्यांना सगळं होतं तसंच ठेवायचं होतं. मी म्हणाले, "मग मला पण नको. मी रीत पाळणारी आहे." आणि पायरीवर बसले. वर्गातल्या बायका हे येताजाता बघायच्या, पदरात हसायच्या आणि चपला हातात धरून माझ्यासमोरून निघून जायच्या. मला त्यांचाही राग यायचा. मग वाटायचं, मी संध्याकाळी बेंबळीला परत जाते, यांना इथंच राहायचं आहे.

पाटलांची आई अधूनमधून वर्गाला यायची. शिवायला तिला दिसत नसे आणि अक्षरं शिकायची तिची इच्छा नव्हती. ती नुसती भिंतीला टेकून बायकांचं बोलणं ऐकत बसायची. एकदा दुपारी वर्ग सुटल्यावर ती माझ्याबरोबरच निघाली. चावडीपाशी मी नेहमीसारखी पायरीवर बसले. ती उभी होती, चपला हातात. ओट्यावर तिचा मुलगा आणि बाकीचे होते. ती जराशी थांबली, मग माझ्याशेजारी येऊन टेकली. मी तिच्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. वरचे पट्टे जुने होऊन काळे पडले होते, पण तळ फारसा झिजलेला नव्हता. तिचं घर चावडीलगतच, त्या पायांपेक्षा हातातच जास्त राहिल्या होत्या.

तिनं चपला खाली ठेवल्या आणि त्यांत पाय घातले.

पाटील खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "आई, काय करतीस? लोक बगाय लागल्यात."

"बगू दे की," ती म्हणाली. "तू पयलं पाऊल टाकलंस ते बी लोकांनीच बगितलं. बोट म्या धरलं व्हतं. त्याच तुझ्याम्होरं म्या किती वर्सं अनवाणी चालू?"

तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला, उठली आणि चावडीपुढच्या फरशीवरून चालू लागली. चपला तिला नीट सरावाच्या नव्हत्या, फटक फटक वाजत होत्या. ओट्यावरचे सगळे उभे राहिले. मी सोडलेली नाडी पुन्हा बांधली आणि बूट घालूनच तिच्या मागून निघाले.