ग्राफिक्स कार्डाची मर्यादा आणि वडिलांची ध्वनिफीत

वडिलांच्या श्राद्धाच्या आदल्या दुपारी, रामघाटावरील आमच्या घरी, सूनबाई त्यांच्या वेदपठणाच्या एकमेव ध्वनिफितीतली खरखर संगणकावर काढत होती. श्राद्धाला तो आवाज ऐकवायचा होता. पण काम उद्यापर्यंत पुरे होईल असे दिसेना.

“बाबा, ग्राफिक्स कार्डाची कंपनी तुमच्याहून सोवळी आहे. हे काम ते कार्डच करतं, पण त्याच्या वेगाला तिनेच मर्यादा घातलीय. युक्तीने उठवता येईल. उठवू?”

“उठव.”

पंखे घोंगावू लागले. थोड्या वेळाने पठणाच्या स्वच्छ झालेल्या पहिल्या भागात पाटावर अंगठीचे दोन ठोके ऐकू आले. घाईने म्हणणाऱ्या शिष्याला वडील असेच थांबवीत. परंतु या फितीत ते एकटेच म्हणत होते, आणि इतक्या वर्षांत ते ठोके मी कधी ऐकले नव्हते.

“मर्यादा पूर्ववत कर,” मी म्हणालो.

उरलेले काम वेळेत झाले नाही; श्राद्ध त्या आवाजाविना पार पडले.