बंद दाराआडच्या चौघी

मला बघायला आलेल्या मुलाचा काका मला पाहून हसला, आणि माझं ठरू घातलेलं लग्न तिथेच मोडलं.

मी पोह्यांच्या प्लेटा घेऊन बैठकीत आले होते. डोक्यावर पदर, नजर खाली, आत्याने शिकवलं होतं तसं. काकाने मान वर केली आणि फिस्सकन हसला. सावरला, "काही नाई, काही नाई" म्हणाला आणि परत हसला. महिनाभर आधी त्यांच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, त्याने माझं नाटक पाहिलं होतं. त्यात मी एक भांडकुदळ विहीण होते, मांडवात जेवणावरून रुसून बसणारी. काकाने ते शेजारच्याला सांगितलं, शेजारच्याने पुढच्याला, आणि सगळी बैठक हसायला लागली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मुलगाही हसत होता.

मी ट्रे धरून तशीच उभी राहिले. रंगमंचावरची सवय. लोक हसत असताना पुढचं वाक्य घ्यायचं नाही, हसू ओसरू द्यायचं, मग बोलायचं. त्या दिवशी हसू ओसरलं, पण मला पुढचं वाक्य नव्हतं.

आठवड्याने मध्यस्थाने निरोप आणला. "पोरगी चांगली हाये म्हनते. पन घरात उद्या काही दुखाचं झालं, अन् हिचं तोंड पाहून कोनाले हासू आलं, तं कसं करावं?"

बाबांनी ऐकून घेतलं, मध्यस्थाला चहा दिला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

आमचं गाव नवेगाव बांधच्या तलावापासून फार लांब नाही. तळी खोदणं, पाळ म्हणजे तळ्याचा बांध घालणं हे आमच्या लोकांचं जुनं काम. बाबांकडे धानाची शेती आहे. मी आठवीत असताना आई गेली. मला भाऊबहीण नाही. त्यानंतर घरात आम्ही दोघं, आणि बाबा मुळातच कमी बोलणारे. संध्याकाळी मी भात शिजवताना शाळेतल्या बाईंचा आवाज काढायची, किराणावाल्याचा काढायची, आत्याचा काढायची. बाबा चुलीपाशी बसून ऐकायचे. हसायचे नाहीत, पण उठूनही जायचे नाहीत.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एक म्हातारी केली, बसच्या कंडक्टरशी हुज्जत घालणारी. ते पाहायला एका नाटक कंपनीचे मालक आले होते, त्यांनी मला कंपनीत बोलावलं. आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या या भागात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. कंपनीत येणाऱ्या प्रत्येक मुलीला हिरॉईन व्हायचं असतं. तोंडाला काजळ फासून, पोटाला उशी बांधून लोकांना हसवायला कुणी तयार नसतं. मी तयार होते. बाबांना विचारलं तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत बसले, मग म्हणाले, "जेवन वेळेवर देतेत का?"

हीच परवानगी असं मी समजले.

मी कितीतरी हंगाम काम केलं. नाटक रात्रभर चाले, म्हणून दिवसा कुठल्या तरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं, दुपारी उठून विहिरीवर तोंड धुवायचं. गावातल्या बाया अंतरावर उभ्या राहून बघायच्या. मी तोंड पुसलं तरी त्यांना हसू यायचं. रस्त्यात माणसं अडवायची आणि माझीच वाक्यं मला म्हणून दाखवायची. मी हसायची, ते हसायचे आणि पुढे जायचे. हिरॉईनला लोक विचारायचे, ताई तुमचं गाव कोणतं, घरी कोण असतं. मला हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. बहुतेक त्यांना वाटायचं, की त्या विहिणीबद्दल त्यांना सगळं माहीत आहे.

मालक थकले आणि कंपनी बंद पडली. दुसऱ्या कंपन्यांनी बोलावलं, पण मला सिनेमा करायचा होता. कशातून आलं ते सांगता येत नाही. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायला मला ओरडावं लागे, आणि ओरडून सांगता येणार नाही असं काहीतरी माझ्यापाशी साचत चाललं होतं, एवढंच.

मी गोंदियाला आले, शहराला लागून असलेल्या कुडव्याला खोली घेतली. एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम मिळालं. दिवसभर मी अनोळखी लोकांच्या हळदी आणि वराती कापायची, जोडायची. तिथेच कॅमेरा शिकले, आवाज शिकले. सुट्टीच्या दिवशी खोलीत मोबाईल स्टँडवर लावून स्वतःचे छोटे विनोदी व्हिडिओ करू लागले. सासू, सून, आत्या आणि शेजारीण, चौघी मीच. आधी सासूची सगळी वाक्यं घ्यायची, मग साडी बदलून सुनेची. कुणाकडे बघून बोलायचं म्हणून भिंतीवर एक टिकली चिकटवली होती. ते टाकायला काढलेलं चॅनल बऱ्यापैकी चालू लागलं.

एका रविवारी चौघींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं आणि दार वाजलं. घरमालकीण होत्या.

"कौन कौन आया है अंदर? मैंने कमरा एक जन के लिए दिया था."

"कोई नहीं आंटी, मैं ही हूँ."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्या आत आल्या, दारामागे पाहिलं, न्हाणीत डोकावल्या, पलंगाखाली वाकून बघितलं. मग माझ्याकडे पाहिलं. सासूची साडी, अर्ध्या तोंडाला पावडर.

"अकेली बोल रही थी?"

"हां."

"चारों?"

"हां आंटी."

त्या दाराकडे वळल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "वो सास को बोलो थोड़ा धीरे बोले. मेरा बीपी बढ़ता है."

त्या गेल्यावर मी खूप हसले. दार लावलं, मोबाईल पुन्हा सुरू केला. टिकलीकडे बघितलं आणि सासूचं पुढचं वाक्य तोंडातून येईना. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. त्या दिवशी शूटिंग पुढे झालंच नाही. मी साडी घडी करून ठेवली आणि माझ्या सिनेमाची गोष्ट सुचली.

गोष्ट साधी होती. एका गावात एक बाई एकटी राहते. तिचा मुलगा कामासाठी दूर गेलेला आहे. त्याला काळजी वाटू नये म्हणून, त्याचा फोन आला की ती घर माणसांनी भरलेलं असल्याचं नाटक करते. शेजारणीच्या आवाजात चहा मागते, आत्याच्या आवाजात खोकते, मधूनच कुणाला तरी दटावते. शेवटी एकदा बोलता बोलता फोन बंद पडतो. तिला ते कळतं, तरी ती सगळे आवाज काढत राहते.

शूटिंग बाबांच्या घरी केलं. स्टुडिओतला एक मित्र कॅमेऱ्यासाठी आला होता. त्याला लग्नाची कामं लागली आणि तो परत गेला. उरलेलं मी स्टँड लावून एकटीने केलं. कॅमेरा चालू करायचा, धावत जाऊन जागेवर बसायचं, बोलायचं, धावत येऊन बंद करायचा. बाबा पडवीत बसून हे बघत. आवाज घेताना ते आपण होऊन पाण्याची मोटार बंद करायला जात, शेजारच्या बकऱ्या हाकलत, रस्त्याने गाडी आली की हात वर करून थांबवत. गावात कुणी विचारलं की सांगत, "काम चालू हाये तिचं. थांब जरा."

मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमी समोर बसा. मले कोनाकडे तरी पाहाले लागते."

ते खाटेवर बसले. मी त्यांच्याकडे बघून चार बायकांचे आवाज काढले. मधे मी थांबायची, हसू यायला हवं तेवढी जागा सोडायची. ती जागा रिकामी जायची. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं.

काम आटोपत आलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली. "थे बाई येकटीच काऊन राह्यते? पोराकडे काऊन जात नाई?"

मी म्हटलं, "पोरगा बलावत नाई."

"हं," म्हणाले. "अन् थे पोराले खरं काऊन सांगत नाई?"

मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत बसले.

सिनेमा तयार झाल्यावर पहिल्यांदा गावातच दाखवला. समाज मंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर पांढरी चादर ताणली. भर दुपारची वेळ, तरी आत जागा उरली नाही. मी सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभी होते. माझा चेहरा चादरीवर आला आणि लोक हसायला लागले. मी काहीच केलं नव्हतं, नुसती अंगण झाडत होते. मग ते हसतच राहिले. आत्याच्या खोकल्याला हसले, ते बरोबर होतं. बाई रिकाम्या घरात एकटी जेवायला बसते त्यालाही हसले. फोन बंद पडला, ती बोलत राहिली, तेव्हा तर एक म्हातारा डोळे पुसून हसत होता. त्या जागी हसू येऊ नये म्हणून मी जोडताना किती झटले होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून बाबा उठले आणि माणसांतून वाट काढत बाहेर गेले.

मी मागोमाग गेले. ते तलावाच्या पाळीवर जाऊन बसले होते. खाली रोवणी झालेली धानाची बांधी, पाण्यात दोनतीन बगळे. मी शेजारी बसले. मला वाटलं, लोक मला हसले म्हणून त्यांना लागलं असेल.

ते म्हणाले, "आपल्या घरचं कायले दाखवलंस?"

"आपल्या घरचं कोठी हाये त्याच्यात? ते तं बनवलेलं हाये."

"मी बी तुले तसंच सांगतो ना. फोन करतेस तवा."

"काय?"

"आंगनात लोकं बसले हायेत म्हनून. भजनवाले आले होते म्हनून." ते पाण्याकडे बघत होते. "कोनी येत नाई. आता कोन कोनाकडे बसाले जाते? मले वाटलं, तुले मालूम झालं. म्हनून पिच्चर काढलास."

मला खरंच माहीत नव्हतं. बाबा घरी चारचौघांत असतात या भरवशावर मी कुडव्याला राहत होते. शूटिंगच्या दिवसांत कुणी बसायला आलं नाही, ते काम चालू म्हणून, असं मी धरलं होतं. मी तसं सांगितलं.

ते म्हणाले, "मंग कोनाचं दाखवलंस?"

"माझं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी सरळ पाहिलं असेल. समाज मंदिरातून पुन्हा एकदा हसण्याचा आवाज आला, मग टाळ्या. लोक बाहेर पडू लागले. आम्हाला पाळीवर पाहून काही बाया लांबूनच आत्याच्या आवाजात खोकल्या. मी हात हलवला. बाबा म्हणाले, "चाल, भात टाकतो. तुले बस हाये."

पुढे तो सिनेमा एका मोठ्या शहरातल्या छोट्या महोत्सवात निवडला गेला. मी एकटीच गेले. थंडगार सभागृह, मऊ खुर्च्या, पाचदहा माणसं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. सिनेमाभर कुणी एकदाही हसलं नाही, आत्याच्या खोकल्यालाही नाही. शेवटी एका बाईंनी फार आदराने विचारलं, की तुमच्या भागात वृद्धांच्या प्रश्नावर काय काम चालतं. मी काहीतरी सांगितलं. बाहेर सगळे चहाचे कप घेऊन घोळक्याने उभे होते. कुठल्या घोळक्यात जावं ते ठरवता ठरवता माझा चहा संपला. आमच्या गावचा तो डोळे पुसणारा म्हातारा त्या क्षणी समोर असता तर मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले असते.

आता माझं वर्ष दोन भागांत असतं. हंगामात एका दुसऱ्या कंपनीत काम करते, पोटाला उशी बांधते, लोकांना पोट धरून हसवते. उरलेले महिने कुडव्याच्या खोलीत लिहिते, जोडते. घरमालकीण कधी कधी दार ढकलून विचारतात, आज सास नहीं आई क्या. मी म्हणते, शूटिंग नहीं है आंटी. त्या खुर्ची ओढून बसतील असं वाटतं, पण त्यांना मालिकेची वेळ झालेली असते.

बाबांना फोन करते. "कोनी आलं होतं का?" विचारते.

"नाई," ते सांगतात. "तुयाकडे?"

"नाई."

फोन चालू असतो. त्यांच्याकडून मोटारीचा आवाज येतो, माझ्याकडून पंख्याचा त्यांना जात असेल.

पुढच्या सिनेमात दोन माणसं आहेत, बाप आणि मुलगी. बाबांना विचारलं, बापाचं काम कराल का. त्यांनी वाक्यं मनातल्या मनात म्हणून पाहिली असावीत, कारण चार दिवसांनी त्यांचा आपण होऊन फोन आला. "मले नाई जमनार. तू दुसरा पाह्य." मी गोंदियात, आमगावात, सालेकशात म्हातारे नट शोधते आहे. भेटतात ते सगळे चांगले आहेत, बोलायला लागले की थांबत नाहीत. मला असा हवा आहे, जो समोर खाटेवर बसून काही न बोलता ऐकेल. तो अजून सापडलेला नाही.