चौकशीला आलेल्या माणसाला मी काय सांगितलं

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मला नीट कळलेलं नाही – पण सांगते.

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणाकडे कोण आलं, पिशवीतून काय आणलं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बुवापाड्यात घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे या खोडीचे लाड फार होतात. शेजारचा संतोष दुसऱ्याच्या मालकीची शाळेची व्हॅन चालवायचा. पगार बेताचा. त्यात त्याने मेव्हण्यासाठी, म्हणजे बायको रेखाच्या भावासाठी, स्वतःच्या नावावर हप्त्याने मोबाईल घेतला आणि मेव्हण्याने हप्ते थकवले. संतोषचा क्रेडिट स्कोअर बसला. बँका दारात उभं करेनात.

तरी तो हटला नाही. स्वतःची गाडी झाली की मालकाच्या खिशात जाणारे पैसे घरात येतील, एवढाच त्याचा हिशेब. उल्हासनगरच्या एका एजंटाने जुनी व्हॅन दाखवली – व्याज जास्त, आधी भरायची रक्कम जास्त, पण लोन होईल म्हणाला. रेखाने बांगड्या मोडल्या. फॉर्म मी भरून दिला. शेजाऱ्याच्या रकान्यात संतोषने माझंच नाव घालायला लावलं.

"माणूस चौकशीला येईल ताई. आम्ही राहतो इथं, एवढंच सांगायचं."

तो माणूस तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी आला. संतोषच्या दाराला कुलूप होतं. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. हे इथेच राहतात का, किती वर्षं – किती साधा प्रश्न, नाही? अकरा वर्षं मी त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. आणि मी म्हणाले, "असतात कधी कधी. भाड्याचं घर, आज इथं, उद्या कुठं."

का म्हणाले? माझा नवरा बावीस वर्षं कंपनीत खपतोय आणि आमच्याकडे साधी स्कूटर नाही. जळत होते – हो, जळत होतेच. पण एवढंच नव्हतं. मला बघायचं होतं, माझ्या बोलण्याने काय होतं ते. माझं बोलणं तोवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. त्याने घेतलं. एका बोटाने, मोबाईलवर, "उद्या कुठं" पर्यंत.

लोन नामंजूर झालं. एजंटाने संतोषला कारण सांगितलं नाही. मला मात्र राहवेना. मी संतोषची बहीण म्हणून एजंटाला फोन लावला – बघा, तेवढंही धाडस माझ्यात होतं. तो म्हणाला, स्कोअरचं आम्ही सांभाळून घेतलं होतं, घराच्या चौकशीत फाईल अडली. मी फोन ठेवला आणि कणीक मळायला बसले.

संतोषने कारण स्वतःच ठरवलं. मेव्हण्याने बुडवलेले हप्ते, दुसरं काय? रेखाने भावाचं नाव टाकलं. तेव्हापासून तिच्या घरी भाऊबीज झालेली नाही. मी रोज तिच्याशी बोलते. दूध उसनं देते. एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.

या भाऊबीजेला तो आला. रेखाने दार उघडलं नाही. मी अर्थातच माझ्या दारात उभी होते. बराच वेळ कडी वाजवून तो माझ्याकडे वळला.

"ताई, व्हॅन माझ्यामुळंच गेली ना त्यांची?"

आत रेखा ऐकत होती. मधली भिंत किती पातळ आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मी "हो" म्हणाले.

त्याने हातातली पिशवी माझ्याकडे दिली, बहिणीला द्या म्हणाला आणि खाली मान घालून गेला. संध्याकाळी मी ती रेखाला नेऊन दिली. आत साडी होती. तिने घडीसुद्धा मोडली नाही. मला त्याचं काही नको, तुम्हीच ठेवा ताई, म्हणाली.

मी ठेवली. मोरपंखी आहे, काठ चांगले आहेत. परवाच्या हळदीकुंकवाला नेसले.