रेतीबंदरची बोईटं, साफ केलेली

"डोंबिवलीच्या खाडीत आता बघण्यासारखं काय राहिलंय?" माझे पीएच.डी.चे गाईड म्हणाले आणि मी तिथेच जायचं ठरवलं. माशांची रोगप्रतिकारक जनुकं हा माझा विषय. सरांना मत्स्यबीज केंद्राच्या स्वच्छ तळ्यातले नमुने हवे होते, मला माझ्या खाडीतली बोईटं. "ठीक आहे, रविवारी आण. कामाची निघाली नाहीत तर खाडी प्रबंधातून बाद."

जाणाऱ्यांसाठी: डोंबिवली पश्चिमेहून मोठागावपर्यंत शेअर रिक्षा मिळते, पुढे खाडीकाठच्या रेतीबंदरला चालत. जुन्या चपला घाला. वास येतो. येणारच, आपणच सोडलेलं पाणी आहे ते, उगाच नाकं मुरडू नका.

रेतीबंदरची सुमनमावशी आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं मासे विकते. प्रत्येक बोईट वेगळ्या पिशवीत ठेव, असं तिला फोनवर बजावलं होतं. तिने ठेवली होती. फक्त खवले, डोकी, पर सगळं उडवून. मला नेमके परच हवे होते.

"मावशी, हे काय केलंस?"

"अगो, डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला साफ करूनच लागतं. तुझी आई बी तशीच घेते."

पर बादलीत एकत्र पडलेले. कुठला कुणाचा, देव जाणे. मला रडूच आलं. मग डोकं चाललं: मांसातही तीच जनुकं असतात. सुरी सगळ्यांना एकच लागली होती, वर एकमेकांचं रक्त लागलेलं, म्हणून दर माशाला नवं पातं घेऊन पाठीच्या आतला तुकडा काढला.

"येवढ्याशा तुकड्यात काय दिसनार?" मावशी म्हणाली.

मी सांगितलं. जंतू ओळखायची जनुकं सगळ्यांची सारखी असली तर एकच साथ सगळा थवा संपवते. वेगवेगळी असली तर काही मरतात, काही तगतात आणि पुढची खाडी त्यांचीच पिल्लं भरतात. या पाण्यात जंतूंना तोटा नाही. मग इथे जगणाऱ्यांना दुबळं म्हणायचा हक्क कुणाला?

उरलेली बोईटं मावशीने तव्यावर टाकली, सोबत तांदळाची भाकरी. चिखलाचा वास होता, तरी मी दोन खाल्ली. तुमचं तुम्ही ठरवा.

मेगाब्लॉक असल्याने तुकड्यांचा बर्फाचा डबा घेऊन ठाण्याच्या लॅबला बसने निघाले. शीळफाट्याला बस अडकली ती अडकलीच, तेव्हा बर्फ जास्त न्या. शेजारचे काका डब्याकडे बघून म्हणाले, "बसमध्ये मासे?"

"मासे नाहीत काका, अभ्यास आहे."

काही आठवड्यांनी निकाल आला. तुलनेसाठी तपासलेली मत्स्यबीज केंद्राच्या तळ्यातली बोईटं मोजक्या आईबापांची, त्यांची जनुकं जवळजवळ सारखी. रेतीबंदरच्या बोईटांमध्ये त्याच जनुकाची इतकी रूपं निघाली की सरांनी चाचणी पुन्हा करायला लावली. पुन्हा तेच आलं.

"छान," सर म्हणाले. "पण शीर्षकात 'उल्हास नदीची खाडी' असं लिही. डोंबिवली वाचून परीक्षक हसतील."

रात्री कोपरला घरी आले, लॅपटॉप उघडला आणि शीर्षकात लिहिलं: रेतीबंदर, डोंबिवली. हसू देत.