आमच्या वस्तीचा वार

आमच्या गावातला नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव आता कोरडा पडला आहे. कॉलेजच्या अंकात त्याचा इतिहास लिहायचा म्हणून परवा मी तिथे गेले. खोल बाजूच्या निळ्या फरशीवर एक शेळी कागद खात उभी होती.

कट्ट्यावर बसलेले जुने रखवालदार काका मला ओळखून हसले. "नाल्यापलीकडच्या वस्तीतली ना तू? तुमचा वार रविवार. काय दंगा घालायचात गं!"

"रविवारच का हो, काका?"

"सोमवारी पाणी सोडून द्यायचो ना. तुम्ही पोहून गेलात की टाकी घासायची, नवं पाणी भरायचं. पहिल्यापासून तशीच रीत."

ते हे अगदी प्रेमाने सांगत होते. आठवडाभर मी ज्या दिवसाची वाट पाहायचे, तो असा ठरला होता. आम्ही शिवलेलं पाणी दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागू नये, एवढंच. कुणी पाटी लावली नाही, कुणी शिवी दिली नाही, नुसतं वेळापत्रक केलं. इतक्या शांतपणे केलेल्या अपमानाची मला जास्त चीड येते. कुणाच्या अंगावर धावून जायचं, तेच कळत नाही.

घरी येऊन मी बाबांवरच ओरडले. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"मग पाठवलंत कशाला?"

"तुला पोहता यावं म्हणून."

बाबा मला फाटकापर्यंत सोडायचे, आत कधीच यायचे नाहीत. त्यांना पाण्याची भीती वाटते, असं मी मैत्रिणींना हसून सांगायचे.