नोराच्या मार्फत

आयर्लंडमधल्या केरीतल्या टँग्नींच्या घरात दोघा भावांचं फाटलं ते बावीस साली, इंग्रजांशी झालेल्या तहावरून. मॉर्टी तहाच्या बाजूने लढला, कॉर्नी विरोधात. यादवी वर्षभरात संपली, यांचा अबोला काही संपेना. घर एक, चूल एक आणि मध्ये बहीण नोरा.

"नोरा, त्याला सांग, गाय व्यायला झालीय."

"त्याला म्हणावं, मलाही डोळे आहेत."

एकाच टेबलावर जेवणाऱ्या या दोन हट्टी माणसांचे निरोप तिने एकतीस वर्षं पोचवले. शिव्या तेवढ्या वाटेत गाळल्या. तिला मागणी आली होती, तेव्हा म्हणाली, "मी गेले तर हे बटाटे कुणाकडे मागतील?"

परवा नोरा गेली. शवपेटी एकाच आडनावाच्या चौघांनी उचलायची अशी रीत, म्हणून दोन चुलतभाऊ मागच्या बाजूला उभे राहिले आणि हे दोघे सख्खे पुढे. मॉर्टीची बाजू खाली गेली, पेटी कलली. कॉर्नी सवयीने बोलून गेला, "नोरा, त्याला सांग, जरा वर धर."

मॉर्टीला सगळं ऐकू आलं होतं. तरी तो तसाच पेटीकडे बघत थांबला, ती सांगेल म्हणून.