माणसे असतील तर तीन

लहानू गभणे माणसे मोजत असे. लग्नाची पंगत असो, एस.टी. असो की ग्रामसभा, तो आधी सर्वांची डोकी मोजी आणि मगच बसे. पंगतीतून कोणी मध्येच उठून गेले तर त्याचा घास थांबे. गेलेला माणूस परत येऊन पाटावर बसला की हा पुन्हा जेवू लागे. लोक हसत. त्याला त्याचे काही नसे.

ही सवय खाणीतली होती. तुमसर तालुक्यातल्या एका मँगनीजच्या खाणीत मी सहायक व्यवस्थापक होतो आणि लहानू तेथे घंटीवाला होता. खाणीत माणसे उतरतात ती लोखंडी पिंजऱ्यातून. पिंजरा ज्या यंत्राने खाली-वर होतो, ते यंत्र चालवणारा दूर एका खोलीत बसतो. त्याला पिंजरा दिसत नाही. तो फक्त घंटी ऐकतो. माल असेल तर एक घंटी, माणसे असतील तर तीन. तीन ऐकल्या की तो यंत्र हळू चालवतो. या तीन घंटा विवराच्या तोंडाशी उभे राहून लहानूने अठ्ठावीस वर्षे दिल्या.

उतरणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला लहानूच्या हाती देई आणि वर आल्यावर परत घेई. बिल्ले एका फळीवर खिळ्यांना टांगलेले असत. पिंजऱ्याची जाळी लावताना लहानूचे एक वाक्य ठरलेले होते. "जा गा, पर वर याले विसरू नका."

"काहून विसरू?" आतून कोणी ओरडे. "खाली का सासुरवाडी आहे आमची?"

"सासुरवाडी असती तं मी घंटीच नसती देल्ली लेका. चार रोज राहू देल्लं असतं."

पिंजरा हसत खाली जाई. अंधारात उतरणाऱ्या माणसांना हसत पाठवणे हे नियमपुस्तकात लिहिलेले काम नव्हते.

एकदा पाळी सुटल्यावर फळीवर एक बिल्ला उरला. सुखदेव नावाच्या कामगाराचा. खाली शोध घेतला. सुखदेव नव्हता. तो बिल्ला न घेताच घरी गेला असेल, असे सर्वांचे मत पडले. लहानूचे पडले नाही. त्याचा एक पाय आखूड होता. त्या पायाने तो दोन कोस चालत सुखदेवच्या गावी गेला. सुखदेव ताटावर बसला होता. लहानू दारातून म्हणाला, "तू अथी भात खाऊन राहिला, आन मी तुले पाताळात शोधून राहिलो." एवढे बोलून त्याने बिल्ला त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि तो तसाच परत आला. पाणीही घेतले नाही.

त्या आखूड पायामुळे नोकरीला लागताना डॉक्टरांनी त्याच्या दाखल्यावर लिहिले होते: फक्त भूपृष्ठावरील कामासाठी योग्य. म्हणून ज्या पिंजऱ्यातून त्याने हजारो वेळा माणसे उतरवली, त्यात तो स्वतः कधी बसला नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात तो माझ्या टेबलासमोर आला. टोपी हातात होती.

"साहेब, एक डाव मले खाली जाऊन पाहाचं आहे."

"कशासाठी?"

"इतक्या लोकायले पाठवलं. कुठं पाठवलं, थे तं पाहू."

मी त्याचा दाखला मागवला, पाहिला आणि सांगितले, "नियमात बसत नाही, लहानू."

"होय जी," तो म्हणाला आणि गेला.

दोनच दिवसांनी, त्याची नोकरी संपण्याआधी, नागपूरच्या एका कॉलेजचे विद्यार्थी खाण पाहण्यास आले. टोप्या आणि दिवे देऊन मी स्वतः त्यांना खाली नेले. त्यांच्यापैकी एकाचाही दाखला मी पाहिला नव्हता. पाहुण्यांना परवानगी देण्याचा अधिकार मला होता. मी लहानूला पाहुणा मानले नाही, इतकेच. ही गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. ज्या दिवशी विद्यार्थी उतरले, त्या दिवशी तीन घंटा लहानूनेच दिल्या होत्या आणि घंटी देताना त्याने माझ्याकडे पाहिले होते.

मी निवृत्त झाल्यावर तुमसरला राहू लागलो. बाजाराच्या दिवशी लहानू गावाहून येई, माझ्या ओसरीवर तासभर बसे. बोलणे थोडे होई. मागे माझी पत्नी वारली, त्याआधीच आमच्या मुंबईच्या मुलाने आम्हा दोघांसाठी जहाजाच्या सफरीची तिकिटे काढून ठेवली होती. मुंबईहून निघायचे, समुद्रातून दक्षिणेकडे जायचे आणि पाचव्या दिवशी परत यायचे. दुसऱ्या तिकिटावर नाव बदलता येते, असे मुलाने कळवले. मी लहानूला विचारले.

"माह्यं काय काम थे?" तो म्हणाला.

"सोबत."

"मंग येतो."

जहाज बारा मजल्यांचे होते. लहानूने समुद्राकडे पाहिले, डोळे भरून पाहिले, आणि पुरे झाल्यासारखा वळला. त्याचे खरे लक्ष लागले ते लिफ्टकडे. मध्यभागी काचेच्या चार लिफ्ट होत्या. दारे आपोआप उघडत, आपोआप मिटत. तो कितीतरी वेळ बाहेरच उभा राहिला.

"ह्या पिंजऱ्याले घंटीवाला नाही जी?"

"नाही. बटन आहे."

"मंग माणसं मोजते कोण?"

"कोणी मोजत नाही."

त्याला ते पटले नाही. आम्ही आत गेलो. त्याने डोकी मोजली, मग लिफ्टच्या भिंतीवर बोटाच्या पेराने तीनदा टकटक केली. दार मिटले. लिफ्ट वर निघाली. आयुष्यात तो प्रथमच पिंजऱ्यात बसला होता. त्याने माझी बाही धरली आणि सातवा मजला येईपर्यंत सोडली नाही. एक बाई यंत्रातून मजल्याचा आकडा सांगे. लहानू तिला दर वेळी "होय व बाई" असे उत्तर देई. मग मला म्हणे, "एवढं बोलते, पर कोण बसलं थे काही पाहात नाही."

पुढचे दोन दिवस तो लिफ्टमध्येच होता म्हटले तरी चालेल. चारही लिफ्ट त्याने तपासल्या. भरती-ओहोटीप्रमाणे त्यांच्या चालीत फरक पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. लाटा मोठ्या असल्या की तो म्हणे, "आपला पिंजरा वर-खाली जाये. हा तं बाजूले बी जाते." तीन टकटक मात्र चुकली नाही. पुण्याच्या एका बाईंनी विचारले, "काका, हे कशासाठी?"

"माणसं बसली म्हणून सांगतो जी. यंत्रवाल्याले."

"पण यंत्रवाला नाहीच ना इथं!"

"त्याले नाही ऐकू आलं तं तुमाले आलं ना? सांभाळून उभ्या राहा."

बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि स्वतःच तीनदा टकटक करून लहानूकडे पाहू लागल्या. संध्याकाळपर्यंत आणखी काही प्रवासी तसे करू लागले. उतरणाऱ्या प्रत्येकाला लहानू म्हणे, "वर याले विसरू नका." लोक "नाही विसरणार, काका" म्हणत. मला संकोच वाटत होता. मी एक-दोनदा त्याला गप्प राहण्यास सांगितलेही. आता वाटते, त्या जहाजावर त्याच्याइतके कोणी मला ओळखीचे नव्हते आणि त्याच्याइतके कोणी लोकांना आवडले नव्हते.

प्रवाशांच्या लिफ्ट एका मजल्यापर्यंतच खाली जात. त्याखाली कामकरी लोकांचे मजले होते. हे कळल्यापासून लहानू त्या शेवटच्या बटनाकडे पाहत राही.

"ह्याच्या खाली बी लोक आहेत म्हंते. पाण्याच्या बी खाली."

"आहेत."

"काम करून राहिले असतील."

तिसऱ्या दिवशी दुपारी जहाजाच्या धोबीखात्यातल्या एका माणसाशी त्याची ओळख झाली. फ्रान्सिस नाव. गोव्याचा, पन्नाशीचा. लहानूने त्याला विचारले असावे, कारण तो आम्हाला एका अरुंद बोळातून सामानाच्या लिफ्टपाशी घेऊन गेला. ती लिफ्ट काचेची नव्हती. जाड लोखंडाची, ओरखडे पडलेली, आरसा नसलेली. पुढे जाळीचे दार. तेलाचा वास येत होता.

लहानू थबकला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "हा आपला आहे."

"चला," फ्रान्सिस म्हणाला. "पाच मिनिटां. पाण्याच्या पोटात नेतो आणि परत आणतो. मी आमच्या साहेबाक विचारलंय."

लहानूने मनातल्या मनात मोजले, फ्रान्सिस, मी आणि तो. त्याने जाळीवर तीनदा टकटक केली. आखूड पाय आत टाकला. आणि मग अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "नियमात बसत नाही, लहानू."

धोका नव्हता. परवानगी होती. जहाजावर मी कोणाचाही साहेब नव्हतो. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते आणि ते बाहेर पडले.

लहानूने पाय बाहेर घेतला. "होय जी."

"अहो, मी नेतां म्हणतां ना!" फ्रान्सिस म्हणाला.

"राहू द्या बापा," लहानूने त्याला सांगितले. "साहेबाले वर काम आहे."

मला काहीही काम नव्हते.

त्या दिवसानंतर लिफ्टमध्ये त्याने टकटक केली नाही. पुण्याच्या बाईंनी आठवण दिली तेव्हा तो फक्त हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच फ्रान्सिसला शोधत धोबीखात्याच्या दारापर्यंत गेलो. त्याची पाळी बदलली होती. दारावरच्या माणसाने मला ओळखले नाही आणि आत सोडले नाही. परत येऊन मी लहानूला म्हणालो, "खाली जायचे असेल तर पुन्हा विचारून पाहू."

"राहू द्या जी. मी वरचाच माणूस."

तो रागाने बोलला असता तर मला सोपे गेले असते.

गेल्या वर्षी धान कापणीच्या सुमारास लहानू आजारी पडला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्याला चौथ्या मजल्यावर ठेवले होते. मी पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि तो अर्ध्या तासापूर्वी गेला होता. त्याची पत्नी गिरजाबाई खाटेशी बसली होती. मला पाहून तिने पदर सावरला.

"साहेब, तुमचे लय उपकार झाले."

"कसले?"

"थे जहाजावरचे. त्यायची जिंदगीभराची हाऊस होती, खाली जाऊन पाहाची. तुमी नेलं म्हणून त्यायनं समुद्राच्या खालची माणसं पाह्यली. साऱ्या गावाले सांगत. साहेबानं सोता हात धरून पिंजऱ्यात बसवलं म्हणे."

तिला खरे सांगायचे, तर त्याने गावभर सांगितलेले खोटे पाडावे लागले असते. न सांगावे, तर त्याने मला दिलेले श्रेय घ्यावे लागत होते. मी घेतले.

शवागार तळमजल्याच्या खाली होते. दोन कर्मचारी चाकांची खाट घेऊन आले. गिरजाबाईला तिच्या भावाने जिन्याने खाली नेले. मी खाटेबरोबर लिफ्टच्या दारापर्यंत गेलो.

"आजोबा, ह्या लिफ्टमध्ये बाहेरच्याले नाही येता येत," एक कर्मचारी म्हणाला. "नियम आहे."

मी थांबलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांना थांबवले होते, त्यामुळे थांबणे मला येत होते. आत दोन कर्मचारी होते आणि लहानू. मी मोजले. तीन. दार मिटले. दाराच्या वरचा आकडा चारचा तीन झाला, तीनचा दोन झाला. तेव्हा मी त्या बंद दारावर बोटाच्या पेराने टकटक केली. एक, दोन, तीन.

घंटी पिंजरा हलण्याच्या आधी द्यायची असते.